अंगठ्याचा मुका

बोलणं हे माझं काम नव्हे. माझ्यापुढे इतरांनी खरं बोलावं, एवढंच. मी कॅनडातल्या एका कोर्टातला शपथेचा धर्मग्रंथ. डब्लिनला छापला गेलो, जहाजातून इथे आलो. माझ्या पुठ्ठ्यावर कागदी क्रूस चिकटवलाय. साक्षीदार कॅथलिक असला की कारकून मला क्रूस वर करून देतो, प्रॉटेस्टंट असला की पालथा. ओठ टेकवायचे, मग बोलायचं.

आमच्या डोंगराकडची सगळी माणसं आयर्लंडची. बटाटे सडले, दुष्काळ पडला म्हणून देश सोडला, पण भांडणं तेवढी गाठोड्यात बांधून आणली! ह्यू टिअर्नी कॅथलिकाचा प्रॉटेस्टंट झाला, म्हणून गुरांच्या जत्रेत, भर दुपारी, शंभर माणसांदेखत त्याला काठ्यांनी ठेचून मारलं.

खटल्यात त्याच्या बायकोची, ऑनोराची, सगळी भिस्त सख्ख्या भावावर, फेलिमवर होती. दाजींना सोडवताना फेलिमचा उजवा अंगठा मोडला होता.

या लोकांची एक खोड सांगतो. मला धरायचं आणि ओठ माझ्याऐवजी आपल्याच अंगठ्याला लावायचे. मग खोटं बोललं तरी पाप लागत नाही म्हणे!

पहिल्या साक्षीदाराने, मॅलकी लोहाराने तेच केलं. "मी घोडीचा नाल बघत होतो, साहेब."

दुसरा म्हणाला, "माझ्या डोळ्यांत तपकीर गेली होती." सगळे फिदीफिदी हसले.

ऑनोरा ओरडली, "अंगठा चाटतोय मेला! पुस्तकाला ओठ लावायला सांगा त्याला!"

न्यायाधीश इंग्रज. त्याला काय कळणार? "बाई, खाली बसा."

"बस गं, बाटग्याची बायको!" मागून कोणीतरी म्हणालं.

फेलिमचं नाव पुकारलं. वाटेत मॅलकी पुटपुटला, "गवताची गंजी चांगली वाळलीय रे तुझी. काडी लागायला कितीसा वेळ?"

फेलिमचा अंगठा फळीला बांधलेला, ताठ. आता तरी लबाडी जमणार नाही, म्हणून ऑनोराने हात जोडले. त्याने खरोखरच माझ्यावर ओठ टेकवले.

"मी काही पाहिलं नाही."

"अंगठ्याला काय झालं?"

"दारात चेमटला, साहेब."

सगळे आरोपी सुटले. बाहेर टोप्या उडाल्या. ऑनोरा भावापुढे उभी राहिली. "फेलिम, त्या अंगठे चाटणाऱ्या मेल्यांना निदान देवाची तरी भीती होती रे."

आता मी कपाटात पडून आहे. क्रूस अर्धा सुटलाय. अंगठ्यांचे डाग केव्हाच पुसट झाले. फेलिमने ओठ टेकवले ती जागा मात्र अजून भाजते. मला हवं तर चुलीत घाला, पण पुन्हा कुणाच्या हातात देऊ नका.