मुठीतला बोळा

अमरावतीच्या त्या जुन्या बंगल्यात साहेबाने भिंतीत दगडी चूल बांधून घेतली होती. भाकर भाजायला नाही, नुसतं अंग शेकायला! त्यात तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि चुलीमागची खोलीसुद्धा आढ्यापर्यंत कापसाने भरली. जमुना त्या खोलीत एकटीच कापसातला काडीकचरा निवडत होती. भिंतीपलीकडे तिचा नवरा सहदेव चुलीच्या दगडांमधला भुसभुशीत चुना खरवडून नवा भरत होता.

बायका कापूस चोरतात म्हणून मुनीम वामनराव खोलीला बाहेरून कुलूप घालत. सुटताना प्रत्येकीला मुठी उघडायला लावत. माणसावर नाही तो जीव कापसावर!

खरवडता खरवडता एका भेगेतून चुन्याची भुकटी जमुनाच्या बाजूला गळू लागली. कापूस मळला असता तर वामनरावांनी तिला सोडलं नसतं. तिने कापसाचा बोळा काडीने भेगेत गच्च ठासला. दिवा, उशी, दुखरा कान, सगळीकडे कापूसच लावणारे हात ते. दुसरं काही सुचलंच नाही.

दुपार कलली आणि पलीकडे काटक्या तडतडल्या.

"अवो, इस्तो काहून पेटवला? चुना वल्ला हाये ना!" ती ओरडली.

"मुनीमजी आयकूनच नाई राहिले," सहदेव म्हणाला. "सायेब सांजेले येऊन राहिला म्हणे."

जमुनाने भेगेला तोंड लावलं. "इझवा! भेगेत म्या कापूस कोंबला!"

"मुनीमजी, दार उघडा!" सहदेवचा आवाज फाटला.

"साहेबाचा कापूस आहे आत. कुलूप संध्याकाळीच उघडेल," वामनराव म्हणाले.

ओला चुना तडकून पलीकडे गळून पडला. भेगेतून धूर आला, बोळ्याच्या टोकाला लाल ठिपका दिसला. जमुनाने बोटं घालून तो ओढून काढला. टाकणार कुठे? पायाखाली कापूस, डोक्यावर कापूस. तिने मूठ आवळली आणि ओठ दाताखाली धरले. ओरडावंसं फार वाटत होतं.

पलीकडे फस्सकन आवाज झाला. सहदेवने चुन्याच्या पाण्याचं घमेलं आगीवर ओतलं होतं. तापलेला दगड तडकला तेव्हा कुठे कापसाच्या धास्तीने वामनराव शिव्या घालत किल्ली घेऊन धावले.

दार उघडलं. जमुना धडपडत बाहेर आली. वामनराव दारात आडवे उभे राहिले.

"मूठ उघड."

तिची बोटं उघडेनात. सहदेवने रडत रडत एकेक बोट सोडवलं. तळहाताच्या कातड्याला काळा बोळा चिकटला होता.

"घ्या," जमुना म्हणाली. "तुमचाच हाये."