पाटाच्या तोंडाची फळी

"हळू उचल गं. एकदम उचललीस, तर पाणी काठ फोडून पळेल!"

एका सासूने नव्या सुनेला सांगितलेले हे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. तळ्याचे पाणी पाटात सोडायचे, ते मला वर उचलूनच.

सुताराने मला तासले, तेल पाजले आणि तळ्याच्या तोंडाशी खाचेत बसवले. वस्तीचा एक नेम होता : पाटाच्या शेवटी ज्याचे शेत, फळी त्याच्या हाती. वरच्या सगळ्यांचे भिजून पाणी आपल्यापर्यंत पोचल्याशिवाय तो मला खाली सोडायचाच नाही. मग उपाशी राहील कोण?

त्या सुनेचे शेत शेवटचे, म्हणून सगळे तिला शेपूटकाकू म्हणत.

"शेपूटकाकू, आमचं भिजलं हो!"

"मग पाणी पुढे सोड की! बेडकांना पोहायला शिकवतोस का?"

भांडणेही होत. बांधावर उभे राहून लोक एकमेकांचा उद्धार करीत. त्यालाच कंटाळून वस्तीने तळे दूरच्या कचेरीच्या हवाली केले. "सुटलो एकदाचे!" असे म्हणत सगळे हसतच घरी गेले.

लोखंडी दार आले, त्याला कुलूप आले. किल्लीवाल्याने शेवटचे शेत कधी पाहिलेच नव्हते. वरचे भिजले की तो दार खाली सोडून निघून जाई. मला गोठ्यामागे टाकले. सोबतीला फक्त वाळवी, आणि तिची सोबत मला पोखरते. त्या भांडणांची मला फार आठवण येते.

काल शेपूटकाकूची विहीरही आटली. गोठ्याशी ती थोरल्या जावेला म्हणाली, "बोचकं बांधलंय, ताई. भावाकडे जाते."

"वेडी का काय! मग मी भांडू कुणाशी?"

"भिंतीशी भांडा."

थोरलीचे शेत पाटाला पहिलेच. तिला पाण्याची ददात नव्हती. ती हसली नाही.

"सगळ्या घरांनी मागितलं तर तळं परत देऊ, म्हणते कचेरी. आम्हा वरच्यांना पाणी मिळतं, म्हणून आम्ही गप्प. आता मी फिरते घरोघर. शब्द देते तुला. तेवढं बोचकं सोड."

मित्रांनो, खाचेत पुन्हा मीच बसेन की नवी फळी येईल, ठाऊक नाही. माझी विनवणी एवढीच, की आपले पाणी आपणच राखा, भांडून का होईना. ते दुसऱ्यावर सोपवले, की शेवटचे घर कुणालाच दिसत नाही.

आज सकाळी थोरलीने देवापुढे हात जोडले, पायांत वहाणा सरकवल्या आणि सोबतीला कुणालाही हाक न मारता ती वरच्या घरांकडे चालू लागली.