उनं का?

गिरधरने नळीच्या जोडावर सफेद्यात भिजवलेली सुतळी घट्ट गुंडाळली, पान्ह्याने शेवटचा आटा आवळला आणि जोडाखाली तळहात धरून तो थांबला. थेंब पडला नाही. मग त्याने इंजिनाला हँडल मारला. इंजिन खोकले, गप्प झाले, पुन्हा खोकले आणि एकदाचे चालू लागले. पंपाने विहिरीच्या तळाचे पाणी वर उचलले. मोठी धार पाटात पडून केळीकडे धावली. एक बारीक धार मात्र इंजिनाच्या अंगातून फिरली, त्याची आग पोटात घेऊन नव्या नळीत शिरली आणि मळ्यातल्या घरामागच्या लहानशा हौदात उतरू लागली.

शेजारच्या बांधावर धुडकू बिडी ओढत उभा होता. गिरधरच्या प्रत्येक उद्योगाला साक्षीदार म्हणून हजर राहायचे आणि नंतर ते गावभर सांगायचे, हे काम त्याने आपणहून पत्करले होते.

"आप्पा, लोके वावरले इंजिन लावतस. तू बायकोले लावी ऱ्हायना."

"वावरलेच लायेल शे," गिरधर म्हणाला. "पानी केळीसलेच जास. जाता जाता तिन्हा गुडघा शेकास, तुन्हं काय जास?"

धुडकूचे काही जात नव्हते, म्हणून तो हसला. पण गिरधरला आता थांबवणे शक्य नव्हते. कोरीटच्या पंचक्रोशीत वाद घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने धुडकूला बांधावर बसवले आणि सांगितले की धरणी वरून तापते आणि गारठते, पोटात मात्र ती बारा महिने एकसारखीच असते. म्हणूनच विहिरीचे पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागते. ती ऊब कुणाच्या बापाची नाही. खर्च येतो तो केवळ ती वर आणण्याचा, आणि तो खर्च केळीने आधीच उचललेला आहे. इंजिन थंड राहण्यासाठी त्याच्या अंगातून पाणी फिरवावेच लागते, आणि ते तापल्यावाचून बाहेर पडत नाही. तेव्हा बाभळीचे एक लाकूड न जाळता जी आंघोळ होते तिला उधळपट्टी म्हणणाऱ्याने आधी आपला चुलखंड पाहावा. मात्र एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. ज्या दिवशी केळीला पाणी नको, त्या दिवशी इंजिन बंद. नुसत्या आंघोळीसाठी तेल जाळील तो गिरधर नव्हे.

एवढे सगळे त्याने सांगितले; ज्यासाठी हा खटाटोप केला ते मात्र सांगितले नाही.

त्याच्या बायकोचे, फुलवंताबाईचे, माहेर तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी होते. तिथे डोंगराच्या कुशीतून ऊन पाण्याचा झरा वाहतो. गेली काही वर्षे थंडी पडू लागली की तिचे गुडघे धरत, आणि भावाची गाडी येऊन तिला घेऊन जाई आणि होळीच्या तोंडाशी परत आणून सोडी. मधले दिवस गिरधर एकटा काढी. भाकरी तो करपवी, ती करपली हे म्हणायलाही समोर कोणी नसे. वादात जिंकावे आणि पाहावे, तर हरलेले माणूस माहेरी गेलेले, अशी त्याची गत होती. रिकाम्या घरात तिचा जेवायला बसायचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असे. रोज रात्री तो पाट मांडून पुन्हा उचलून ठेवण्याचे काही कारण नव्हते. तरी तो तसे करी.

यंदा भावाची गाडी आली तेव्हा गिरधरने ती रिकामी परत पाठवली. ऊन पाणी इथेच वाहते आहे, मग नदी ओलांडण्याचे कारण काय, या त्याच्या युक्तिवादावर मेहुण्याने बैल वळवले. फुलवंताबाईने बांधून ठेवलेले गाठोडे सोडले. त्यातली एक लहानशी गोधडी तिने घडी करून कपड्यांच्या वलणीवर टाकली.

रोजचा क्रम ठरून गेला. सकाळी इंजिन सुरू होई. हौदाभोवती कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड होता. त्याआड फुलवंताबाई काठावर बसून पाय पाण्यात सोडी. गिरधर इंजिनापाशी तोटी फिरवीत मोठ्याने विचारी,

"ऐकस का? उनं का?"

"उनं," असे कुडाआडून उत्तर येई.

त्या बोलीत 'उनी' म्हणजे आली, 'उनं' म्हणजे आलं, आणि पाणी ऊन असले तरी म्हणायचे 'ऊनं'च. त्यामुळे पाणी आले का आणि ते ऊन आहे का, हे दोन्ही प्रश्न एकाच शब्दात उरकत. गिरधरसारख्या काटेकोर माणसाला ही काटकसर फार आवडे.

'ऐकस का' ही हाक मात्र जुनी नव्हती. नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची नाही, लेकराच्या नावाने मारायची, अशी तिकडची रीत. गिरधर फुलवंताबाईला 'मीनानी माय' म्हणे. पुढे मीनाने म्हसावदचे ठरलेले स्थळ नाकारले आणि फुलवंताबाईच्या माहेराजवळच्या पाड्यावरच्या शाळेतल्या परजातीच्या मास्तराशी लग्न केले. तेव्हा ओट्यावर चार माणसांसमोर गिरधरने असा बिनतोड वाद केला की कोणाला बोलायला जागाच राहिली नाही. त्या वादाच्या शेवटी तो म्हणाला होता, या घरात आजपासून ते नाव निघणार नाही. ते निघाले नाही. त्याबरोबर बायकोला हाक मारायचा शब्दही गेला, हे त्याच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आले. पण बोललेला शब्द मागे घ्यायची त्याला सवय नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी येत, घरोघरच्या निंबांना झोके टांगले जात. गिरधरच्या निंबाच्या फांदीवर जुन्या दोराचा वळ तेवढा उरला होता.

संक्रांत झाली. फुलवंताबाईचे गुडघे मोकळे झाले होते. ती चालताना आता भिंत धरीत नसे. गिरधरने तिला धुडकूसमोर दोनदा चालून दाखवायला लावले असते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा धीर झाला नाही. ती जेवे, पण अर्ध्यावर उठे. बोलावे तर 'हा' म्हणे. वाद घालावा इतकेही ती बोलत नसे.

एके सकाळी त्याने विचारले, "उनं का?"

कुडाआडून उत्तर आले, "नही उनं."

गिरधरने तोटी वाढवली. जोड तपासले. कुडावरून वाफ तर वर येताना दिसत होती.

"आते उनं का?"

"नही उनं."

तो स्वतः कुडाआड गेला. हौद काठोकाठ भरून वाहत होता. त्याने नळीच्या तोंडाशी हात धरला आणि चटकन काढून घेतला. फुलवंताबाई पाण्यात पाय सोडून बसली होती, पण तिचे लक्ष पाण्याकडे नव्हते. उत्तरेला, तापीच्या पलीकडे, थंडीच्या निवळलेल्या हवेत सातपुड्याची निळी रेघ स्पष्ट उमटली होती. ती तिकडे पाहत होती.

"ऊनं ते शे," गिरधर म्हणाला. पोळलेली बोटे त्याने धोतराला पुसली. "हात भाजना मन्हा."

फुलवंताबाईने मान वळवली नाही.

"पानीच उनं," ती म्हणाली.

तो घरात आला आणि वलणीपाशी थांबला. गोधडी तिथेच होती. दरवर्षी माहेरी जाताना ती अशी एक शिवून नेई, भावाच्या नातवासाठी म्हणून. गिरधरने ती खाली घेतली. हातभर लांबीची, काठाला बारीक दोरा घातलेली. त्यात एक तुकडा जुन्या परकराचा होता. तो परकर त्यानेच प्रकाशा गावच्या जत्रेतून आणला होता, मीना लहान असताना. तो उभ्या उभ्या विचार करू लागला. मेहुण्याला एकुलता एक मुलगा. त्याचे तर अजून लग्नही झाले नव्हते.

इतकी वर्षे ही गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर शिवली जात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने गाडीच्या आखाला वंगण घातले, बैल जुंपले आणि पंपाचे चामडे आणायला शहाद्याला जातो असे दारातूनच सांगितले. जाताना गोधडी त्याने घोंगडीत गुंडाळून घेतली. चामडे गेल्याच महिन्यात बदलले होते, हे फुलवंताबाईला ठाऊक होते.

जाताना वाटभर तो मनाशी वाद मांडीत होता. आधी काय म्हणायचे, त्यावर मास्तर काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचे. पाड्यावरच्या त्या दारात उभे राहिल्यावर त्यातले एकही वाक्य उपयोगी पडले नाही. त्याने नुसती गोधडी पुढे केली.

परतीच्या वाटेवर लेकरू गाडीत झोपले होते, आणि बापलेकींत जे बोलणे झाले ते बैलांविषयी. डावा आता थकला का, असे तिने विचारले. थकला, असे तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी गाडी मळ्यात शिरली तेव्हा ऊन नुकतेच केळीवर उतरले होते. गिरधर घरात गेला नाही. गाडी निंबाखाली सोडून तो थेट इंजिनाकडे गेला, आणि गाडीतून उतरलेली पावले घरामागे, कुडाच्या दिशेने गेली. त्याने हँडल मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू लागले. तो आवाज ऐकून मागचे दार वाजले, म्हणजे फुलवंताबाई सवयीप्रमाणे हौदाकडे निघाली होती.

गिरधरने तोटीवर हात ठेवला. तो शब्द इतक्या वर्षांत त्याने उच्चारला नव्हता, आणि तो नीट निघेल की नाही याची त्याला खात्री नव्हती.

"मीनानी माय," त्याने हाक मारली. "उनं का?"

कुडाआडून एक लेकरू काहीतरी बोलले.

मग फुलवंताबाईचा आवाज आला.

"उनी."

बांधावर धुडकू येऊन उभा राहिला होता. त्याने एकवार केळीकडे पाहिले, एकवार पाटाकडे. आळी कालच्याच पाण्याने भरलेली होती. गिरधर गावाला गेलेला पाहून धुडकूने आपल्या पाळीचे पाणी देताना चार ओळी त्याच्याही भिजवल्या होत्या.

"आप्पा," तो ओरडून म्हणाला, "केळीसले आज पानी नही लागत. बंद कर ते."

इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही, असे दाखवून गिरधर तेलाची कुपी शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती.