तीन डब्या मैदा, दोन अंडी

मी पाकिटांच्या मागचा मजकूर लिहिते. पुढची बाजू दुसऱ्या मजल्यावरची रंगवाली मंडळी करतात आणि त्यांचा थाट काही विचारू नका. माझ्या वाट्याला येते ती मागची बाजू, तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्या भागावर वजन, तारीख आणि तक्रारीचा पत्ता असतो. मला मिळतात दहा ओळी. दहा ओळींत केक, दहा ओळींत बिस्किटं, दहा ओळींत पाव.

माल आमच्या दुकानांचा स्वतःचा. पांढरं पाकीट, त्यावर एक निळी रेघ. मैदा, कोको, बेकिंग पावडर, बटर पेपर, चपटी खारी बिस्किटं, असा जॅम की ज्यात फळ जरा बेतानंच असतं पण ते फळच असतं. जाहिरात नाही, पाकिटावर हसणारं बाळ नाही. लोक 'पांढरं पाकीट' म्हणतात आणि सगळ्यात खालच्या फळीवरून वाकून उचलतात. कचेरीत मला पाकीटबाई म्हणतात. आठ वर्षं झाली, आता खऱ्या नावानं कोणी हाक मारली तर मी ओ देत नाही.

लिहिताना माझी तंद्री लागते, ही माझी खोड आहे. 'कडा सोनेरी होईपर्यंत भाजा' असं लिहिलं की मला स्वयंपाकघरं दिसायला लागतात. एकामागून एक, दार नसलेली, एकातून दुसऱ्यात जाता येईल अशी. कुठे पातेल्याखाली फडकं अंथरलेलं, कुठे कोणी ओट्याला टेकून चमचा चाटत उभं. दुपारचं ऊन सगळ्यांच्या खिडकीतून एकाच तिरप्या रेषेत येतं आणि त्यात मैदा तरंगत असतो. मी त्या घरांतून हळू चालत जाते. कोणी माझ्याकडे बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पाकिटाच्या मागच्या बाजूकडे असतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागाच्या साहेबीण, टेबलावर टिचकी मारतात तेव्हा मी परत येते.

त्या सगळ्या घरांत एक घर माझ्या थोरल्या बहिणीचं असायचं. ताईचं. पांढऱ्या पाकिटाची तिच्याइतकी भक्त मी पाहिली नाही. आमच्या आईला तो माल आवडायचा नाही, ती नाक मुरडायची. ताई म्हणायची, "मैदा मैद्यासारखा लागतो ना? मग त्याला नाव कशाला हवं?" नवीन काही आलं की आधी तिच्या घरात. आणि मग मला फोन. कौतुकाचा नव्हे, चुकीचा. "शेंडेफळ, साखर चाळून लिहिलंयस. दळून हवं." "शेंडेफळ, वीस मिनिटांत कुठला पाव होतो? तुझ्या कचेरीत ओव्हन आहे की ज्वालामुखी?" चूक दिसली की ताईला राहवत नाही. मी चिडायचे, पुढच्या छपाईत दुरुस्त करायचे आणि मनातल्या मनात तिच्या फोनची वाट बघायचे.

तीन वर्षांपूर्वी तो फोन बंद झाला, आणि तो मीच बंद केला.

आईचा सत्तरावा वाढदिवस होता. मी शहरातल्या सगळ्यात ऐटबाज दुकानातून तीन मजली केक आणला होता, आईचं नाव साखरेच्या अक्षरांत. ताईनं दह्याचा केक केला होता, घरी, जुन्या टिनात, वर स्वच्छ फडकं बांधून. लहानपणी आई कामावर गेली की आम्ही दोघी करायचो तोच. त्याचं माप एकच, दह्याची रिकामी डबी. एक डबी दही, दोन डब्या साखर, तीन डब्या मैदा, डबीला थोडं कमी तेल. टेबलावर ते दोन्ही केक शेजारी ठेवले होते. कोणीतरी विचारलं, "आणि हा कुठला?" मी हसून म्हणाले, "तो ना, तो आमचा पांढऱ्या पाकिटातला." सगळे हसले. ज्या पाकिटावर माझं पोट चालतं त्या पाकिटाला मीच हसले. ताईसुद्धा हसली थोडी. आईनं मजले कापले, लोकांनी बोटं चाटली, आणि निघताना ताईनं आपला टिन फडक्यासकट उचलला. तो कोणी कापलाच नव्हता.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ताईनं अबोला धरला. आठ महिन्यांनी आई गेली, तेव्हाही आम्ही कामापुरतंच बोललो. मी दोनतीनदा फोन केला, तर भावोजींनी उचलला. "ती बाहेर गेलीय," ते म्हणाले आणि मागे नळ बंद झाल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मग मीही हट्टाला पेटले. मला वाटलं होतं की दिवस गेले की सवय होते. झाली नाही. नवीन पाकीट बाजारात गेलं की आठवडाभर मी फोन हाताशी ठेवायचे, आंघोळीला जातानासुद्धा.

यंदा मैद्याच्या पाकिटाची मागची बाजू नव्यानं लिहायची ठरली. मोठ्या बाई म्हणाल्या, "सोपा केक सुचव, पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमेल असा." मी विचार न करता म्हणाले, "दह्याचा. डबीनं मोजायचा."

"डबी म्हणजे काय? माप ग्रॅममध्ये द्यायचं असतं. कोणाची डबी?"

"आपलीच. पांढरी."

मैदा घेणारा दहीही घेईल, हे बाईंच्या लक्षात आलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "बघू करून," त्या म्हणाल्या.

करून बघणारे म्हणजे आमचे भट्टीकाका. तळमजल्यावर एका खिडकीची खोली, एक ओव्हन, एक ओटा, आणि काका. पूर्वी एका बेकरीत होते, आता आमच्या दहा ओळी खऱ्या आहेत की थापा, ते बघतात. मी आठवणीतून कृती लिहून दिली आणि ॲप्रन चढवून त्यांच्या शेजारी उभी राहिले. काकांनी डबी पुसली, दही घातलं, मग त्याच डबीत साखर, त्याच डबीत मैदा. मला गुंगी आल्यासारखं झालं. ताईचे हात दिसले. लहानपणी ती डबीवर सुरी आडवी फिरवायची आणि सांडलेला मैदा बोटानं गोळा करून परत डबीत टाकायची. मी स्टुलावर उभी असायचे. पायाखालचं स्टूल डुगडुगायचं तेही मला त्या खोलीत जाणवलं.

केक झाला. काकांनी कापला, डोळे मिटून चावला.

"यात अंडं फार बोलतंय," ते म्हणाले. "किती घातलीत?"

"तीन. आम्ही नेहमी तीनच घालायचो."

"डबी केवढी होती तेव्हा?"

मी डबीकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी कंपनीनं ती लहान केली होती. नव्या डबीचा मजकूर मीच तर लिहिला होता, आणि लिहून विसरले होते. बाकी सगळं डबीबरोबर आपोआप कमी होतं. कोंबडी मात्र आपल्या कंपनीचं ऐकत नाही.

काकांनी पुन्हा केला, दोन अंड्यांचा. तो जिभेवर ठेवला आणि मी लगेच दुसरा तुकडा तोडला. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कोणाचा आहे हा?" मी सगळं सांगितलं. माणसानं हात पिठात असताना विचारलं की खरं सांगावंसं वाटतं.

त्या दुपारी माझ्या मनात एक पाप आलं. नऊ ओळी झाल्या होत्या. उरली होती अंड्यांची ओळ. 'दोन' लिहिलं तर कृती बिनचूक, ताई वाचेल आणि ठेवून देईल. 'तीन' लिहिलं तर ताईला कळल्यावाचून राहणार नाही. डबी लहान झाल्याचं तिच्या हाताला माझ्याआधी कळलं असणार. ती गप्प बसूच शकणार नाही. तासाभरात फोन वाजेल आणि आवाज येईल, "शेंडेफळ, तीन अंडी? शुद्धीवर आहेस का?" तो आवाज मला इतका जवळून ऐकू आला की मी तीन लिहून टाकलं.

कागद समोर ठेवून मी बसले. खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकत ओव्हनच्या दारापर्यंत आलं. नेहमीप्रमाणे मी चालायला लागले, या घरातून त्या घरात. एका घरात एक बाई पहिल्यांदाच केक करत होती. कोणासाठी ते दिसलं नाही. डबीवर सुरी फिरवून, पाकीट तीनतीनदा वाचून, सगळं तंतोतंत. केक कापला आणि तिचा चेहरा उतरला. तिला पाकिटाचा संशय आला नाही. तिला वाटलं, आपल्याच हाताला चव नाही. समोरचं कोणीतरी हसलं.

मी घाईघाईनं तीन खोडलं आणि दोन लिहिलं. ताईनं फोन करावा असं त्या दहा ओळींत आता काहीच उरलं नव्हतं. शेवटची ओळ बदलून तिथे तेवढं तिचं लहानपणचं वाक्य घातलं, जसंच्या तसं: 'कितीही जीव टांगणीला लागला तरी ओव्हनचं दार मध्येच उघडू नये.' मोठ्या बाईंनी 'जीव' शब्दाखाली रेघ मारली. मग काय वाटलं कोण जाणे, राहू दिला.

पाकिटं दीड महिन्यानं दुकानात आली. मी रोज संध्याकाळी घराजवळच्या शाखेत जायला लागले, काही न घेता मैद्याच्या फळीपाशी रेंगाळायचे. लोक पाकीट उचलायचे, उलटायचे, वाचायचे. एक म्हातारे गृहस्थ बायकोला सगळी कृती मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि ती म्हणत होती, "कळलं हो, मी बहिरी नाही." दह्याच्या डब्या खपायला लागल्या. तक्रारीच्या पत्त्यावर एकही पत्र आलं नाही. मोठ्या बाई खूश होत्या. मला मात्र वाटायचं की सगळ्या घरांत दिवे आहेत, एका घरात तेवढा नाही. चौथा आठवडा गेला तशी मी फोन पर्समध्ये ठेवायला लागले.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी मी काकांच्या खोलीत बिस्किटांची कृती बघत होते. फोन वाजला, तो पर्समधून काढताना मी पर्स सांडली.

"शेंडेफळ."

मी "हं" म्हणाले.

"पाकिटावरचा केक केला मी. सोमवारी केला. बुधवारी केला. आज परत केला."

"बिघडला का गं?"

"बिघडला असता तर एकदाच केला असता." मागे भावोजींचा खोकला आला आणि दार लागल्याचा आवाज. "अंडी तीन घालून बघितली, नाही चालत. दोनच बरोबर. ओव्हन कमीजास्त करून बघितला. तेल कमी करून बघितलं. एकही चूक नाही त्यात."

"काकांनी तपासलं होतं," मी उगाच म्हणाले.

"तपासलं असेल. मला चूक हवी होती." तिचा आवाज बारीक झाला. "सापडली असती तर फोन करायला बरं पडलं असतं. तीन वर्षं झाली, नुसता कसा करायचा फोन?"

मला रडू आलं. काका पाठ करून उभे राहिले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागले.

"ताई, त्या दिवशी मी हसले."

"हो."

"हसायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच. आणि मी साधा एक तुकडासुद्धा खाल्ला नाही."

"मी खाल्ला," ती म्हणाली. "तसाच घरी न्यायची लाज वाटली मला. बसथांब्यावर बसले, फडकं सोडलं आणि हातानं तोडून खाल्ला. दोन बस सोडल्या." मग अगदी हळू म्हणाली, "चांगला झाला होता गं तो."

मी "हो" म्हणाले. मी तर तो चाखलाही नव्हता. पण हो म्हणताना मला त्याची खात्री होती.

"आजचा टिनातच आहे अजून," ताई म्हणाली. "तू येईपर्यंत कापत नाही."