सहा थरांचा काळा डाग

एक पंखा, ज्याचा वारा कधी कुणाला लागला नाही.
काचेवर चहाच्या कपाचं वर्तुळ.
"काही शंका?" आणि त्यानंतरची शांतता.
सहा पारदर्शक कागद, एकावर एक.

गोंधळू नका, मित्रांनो. हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागातला जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर. पोटात दिवा, पाठीत पंखा, डोक्यावर आरसा. काचेवर ठेवाल ते भिंतीवर मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम.

मी इथे आलो, तेव्हा भूस्तर शिकवणाऱ्या बाई नव्यानेच नोकरीला लागल्या होत्या. जमिनीचे सहा थर त्यांनी सहा पारदर्शक कागदांवर रंगवले. सगळ्यात खालचा थर आधी, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. भिंतीवर जमीन घडत जायची आणि मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबायची. इतर विभागांतले लोकही दारात उभे राहून बघायचे. काय ते दिवस!

मग माझे दिवे बाजारात मिळेनासे झाले. मला कोपऱ्यात सरकवलं आणि माझ्या काचेवर चहाचे कप ठेवायला सुरुवात झाली. थकलेलं यंत्र काय म्हणणार?

यंदा विद्यापीठाने शिकवण्याची नवी ऑनलाइन प्रणाली आणली. प्रत्येक विषय तिच्यावर चढवायचा. जो चढणार नाही, तो पुढल्या वर्षी बंद. एका दुपारी माझ्याच खोलीत प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली मुलगी भराभर बटणं दाबत गेली. शेवटी विभागप्रमुखांनी विचारलं, "काही शंका?"

एकही हात वर झाला नाही. वर्गात 'विचारा, विचारा' म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी हीच माणसं. पण सहकाऱ्यांसमोर आपलं अज्ञान कोण उघडं करणार? प्रमुखांनी वर कळवून टाकलं, आमचा विभाग तयार आहे. उरलेली प्रशिक्षणं रद्द झाली.

बाई आता निवृत्तीला आल्या आहेत. विषय बंद पडला तर तो त्यांच्याबरोबरच संपणार होता. त्यांनी सहा कागद कपाटातून काढले, नेहमीच्या सवयीने एकावर एक रचले आणि सगळे एकदमच स्कॅन केले. खालून माझ्या दिव्यासारखा उजेड नव्हता, त्यामुळे पडद्यावर उमटला एक काळा डाग. तोच त्यांनी प्रणालीवर चढवला. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने नम्रपणे विचारलं, "मॅडम, हा कोळसा आहे का?"

बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. काचेवरचा कप त्यांनी उचलून बाजूला ठेवला.

पुढच्या बैठकीत प्रमुख म्हणाले, सगळ्यांचं झालंच असेल. बाई उभ्या राहिल्या.

"माझं नाही झालं. मला येत नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं, मान मात्र हलवली."

खनिजं शिकवणारे सर हळूच म्हणाले, "बाई, बसा तुम्ही. रांगेत मीही आहे."

मग आणखी एक हात वर झाला, मग आणखी एक. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझा तर अजून पासवर्डच चालत नाही," ते म्हणाले.

प्रशिक्षण देणाऱ्या त्या मुलीला परत बोलावलं. या वेळी ती प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. आता बाईंचे सहा थर पडद्यावर एकेक करून चढतात. कोपऱ्यातून मी पाहिलं. जमीन अगदी तशीच घडत गेली, आणि मला हेवा वाटला नाही. फक्त दमल्यासारखं झालं.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. नेऊ द्या. मित्रांनो, यंत्राची निगा तुम्ही राखालच, धूळ पुसाल, वायर गुंडाळून ठेवाल. ते यंत्र ज्याच्या हाती द्याल, त्या माणसालाही जरा जपा. त्याला चुकायला सवड द्या, आणि त्याने विचारलं तर हसू नका.

मी या विभागात आलो, तेव्हा मला कसं चालवायचं ते शिकवायला कारखान्याचा माणूस आठवडाभर थांबला होता.