पऱ्हाटीची ओटी

वच्छलाबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की सुनेनं विचारायला पाहिजे होतं. पापड लाटायचे तरी उज्ज्वला विचारते, आणि घरात नवा देव मांडायचा तर तोंडातून शब्द नाही!

त्या गेवराईच्या बाजारातून परतल्या, तर ओसरीवर तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून कापसाची पऱ्हाटी उभी केलेली. वेचणी झालेली, वाळकी. भोवती सून आणि दोन्ही नातवंडं. कुणी जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळतंय, कुणी काडेपेट्यांना चांदीचा कागद लावतंय, तर पोरगी लग्नपत्रिकांच्या चांदण्या कातरतेय.

"हे काय मांडलंय?"

"नाताळचं झाड, आत्याबाई. प्रियदर्शनीच्या शाळेनं फोटो मागितलाय."

"कोणत्या देवाचं?"

"देवाचं न्हाई. येशूचा वाढदिवस असतो."

"मग तो कुठं हाय?"

प्रियदर्शनीनं झाडाखाली वाकून पाहिलं. "त्याला ठिवायचं सांगितलं न्हाई, आजी."

"आन् कापूस कावून चिकटवताय? आत्ताच तर वेचून घेतला त्याचा!"

"तो बर्फ हाय," धाकटा अंगद म्हणाला.

"बर्फ? बरं. उपास कधी सोडायचा?"

"उपास नसतो, आत्याबाई."

"निवद?"

"केक."

"सोवळ्यात करायचा?"

उज्ज्वला फिसकन हसली. वच्छलाबाई आत निघून गेल्या.

हसायला काय झालं? या घरात महालक्ष्म्या उभ्या राहतात, त्या कुणा पणजीनं कधीतरी उभ्या केल्या म्हणून. एकदा ओटी भरली, की ते घराला लागतं. मग पिढ्या सरल्या तरी सुटका नाही. उद्या ही पोर लग्न होऊन आष्टीला गेली, तर हा डबा डोक्यावर घेऊन जाणार? तिच्या सासूला काय सांगायचं? आजवर गावातल्या बायका अशा गोष्टी वच्छलाबाईंना विचारायला यायच्या. आता त्यांनी कुणाला विचारायचं?

उज्ज्वला भाकरी टाकायला गेली, पोरं हात धुवायला. वच्छलाबाई हळूच झाडाजवळ आल्या. एका चांदणीवर अर्धा गणपती, सोंडेसकट. दुसरीवर 'कुलस्वामिनी प्रसन्न'. आता आली का पंचाईत! हे म्हणतात देव नाही, आणि इथं तर अख्खं देवघर लटकतंय. देव उपाशी, कोरडे, वाळक्या काटक्यांवर. ते रागावले तर पोरांवरच येणार ना?

त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं. खण, तांदूळ, नारळ ठेवून ओटी भरली. हात जोडले, पण नाव कुणाचं घ्यावं कळेना. शेवटी, "जो कुणी असशील तो, लेकरांना सांभाळ," एवढंच म्हणाल्या.

"आजी, लई भारी दिसायलंय!" प्रियदर्शनी नाचली. नारळ बघून उज्ज्वला क्षणभर थबकली, पण तिनं फोटो काढून पाठवला. शाळेतल्या बाईंचा लगेच अंगठा आला.

"झालं बाई," उज्ज्वला म्हणाली. "परवा चुलीत घालू. चांगली वाळलीय पऱ्हाटी."

"चुलीत? ओटी भरलेली?"

"ती भरायला कुणी सांगितलं होतं?" सुनेच्या डोळ्यांत हसू आलं. "आता तर दरसाल आलं की हो, आत्याबाई! तुमचाच नेम हाय."

वच्छलाबाईंनी झाडाकडं पाहिलं, मग स्वतःच्या कुंकवानं माखलेल्या बोटाकडं. जे टाळायचं, तेच आपल्या हातून कसं झालं, याचा मेळ काही लागेना. पण चाळीस वर्षांत या घरात त्यांची चूक कधी झाली नव्हती. आजच कुठून होणार?

त्यांनी बोट पदराला पुसलं.

"ऐक, उज्ज्वला. ओटी माझी असंल, पर उभं तू केलंस. मला ह्यातलं काही उमगत न्हाई, आन् उमगून घ्यायचं बी न्हाई. दरसाल तूच करायचं, माझ्या माघारी बी. खंड पडला तर माझ्याशी गाठ हाय."