गाळलेली चित्रं

बाईंना हॉस्पिटलातल्या त्या वाचातज्ज्ञ मुलीचा पहिल्या दिवसापासून संशय होता. नवऱ्याच्या मेंदूतली गाठ बोलण्याच्या जागेला खेटलेली. तेव्हा त्याला जागं ठेवून ऑपरेशन करायचं, तो चित्रं पाहून नावं सांगत राहील आणि डॉक्टर गाठ काढत राहतील. हे एक वेळ पटलं. पण मग ही मुलगी आधीच तीच चित्रं दाखवून कागदावर कसल्या खुणा करतेय? नापास झालेल्यांना ऑपरेशन न करताच घरी पाठवत असणार, बाईंनी ताडलं. परीक्षेच्या वर्गात तीस वर्षं पहारा दिलेल्या बाईंना कोण बनवणार?

मग ज्यासाठी जन्मभर पोरांचे कान पिरगाळले, तेच बाईंनी केलं. मुलीच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचं आणि नवरा अडला की नुसत्या ओठांनी शब्द सांगायचा. नवरा सुतार, शाळेत कधी रमला नाही, पण कॉपीत पटाईत निघाला. कात्री, छत्री, शिडी. ऐंशीपैकी ऐंशी!

"कमाल केलीत काका," मुलगी म्हणाली. "आता ऑपरेशनमध्ये कुठे अडलात, की बोलण्याच्या जागेला धक्का लागतोय असं समजून डॉक्टर तिथेच थांबतील. तेवढी गाठ तशीच ठेवतील."

बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "आणि यांना ते चित्र मुळातच येत नसलं तर?"

"म्हणून तर आधी बघतो, मावशी. न येणारी चित्रं गाळायची. नाहीतर गाठ उगाच मागे राहायची."

नवरा खाली बघत होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्या उठल्या. "मी सांगत होते," त्या म्हणाल्या. "बरीच."

मुलगी रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने बाईंना शेजारी बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंना वाटलं होतं पाच-सहा जातील, तेवीस गेली. इतके शब्द घरातून कधी नाहीसे झाले, त्यांना कळलंच नव्हतं.

शेवटी घरच्या माणसांचे फोटो आले. पहिलाच बाईंचा होता.

नवऱ्याने फोटो पाहिला, मग बाईंकडे पाहिलं. चेहरा उजळला. ओळख अगदी पक्की होती, नाव तेवढं येईना. तो बाईंच्या ओठांकडे आशेने बघत राहिला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे भरून वाहायला लागले तरी ओठ उघडले नाहीत. मग त्यांनी हात लांब करून स्वतःचा फोटो उचलला आणि गाळलेल्या चित्रांवर ठेवला.